टर्मिनल अडकतं तेव्हा नक्की काय अडकतं?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. पावसला मावसभावाच्या बागेत आंब्याचं पॅकिंग चालू होतं, शेडमधे पेंढा आणि आंबा मिळून जो वास येतो तो भरून राहिलेला, आणि मी एका कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेलो. पेट्यांवर लावायची लेबलं छापायला मी त्याला पायथनमधे छोटी स्क्रिप्ट लिहून दिली होती, बागेचं नाव, किती डझन, ग्रेड, तारीख एवढंच, आणि एक लेबल झालं की स्क्रीनवर इंग्रजीत 'बॉक्स १ डन' अशी ओळ यायची. माझ्या घरच्या मशीनवर व्यवस्थित चालायची. इथला लॅपटॉप विंडोजचा, त्यावर युनिक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टीमसारखं वातावरण देणारं एक बरंच जुनं इन्स्टॉलेशन होतं, त्याच्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमधे, कमांड दिली, एंटर मारलं, आणि काहीच नाही. कर्सर नुसता लुकलुकतोय.

भाऊ म्हणाला, "काय रे, लटकलं काय हे?" मी म्हटलं थांब जरा, पण वाशीची गाडी पाचला निघायची होती, त्याने चालू प्रोग्राम थांबवायचं कंट्रोल सी दाबलं आणि परत चालवलं. परत तेच. मग शेडच्या दुसऱ्या टोकाला प्रिंटरजवळ बसलेल्या पोराने हाक मारली की दादा, तीच तीच लेबलं परत का येतायत? म्हणजे स्क्रिप्ट अगदी नीट चालत होती, फक्त स्क्रीनवर बोलत नव्हती. आणि कुठल्या पेटीपर्यंत काम झालं याची नोंद जी स्क्रिप्ट बंद होताना फाइलमधे लिहिते ती फाइल रिकामी, कारण कंट्रोल सी नंतर तिला नीट बंद व्हायला वेळच मिळाला नव्हता.

ह्या एका प्रसंगात दोन कोडी आहेत, स्क्रीन गप्प का राहिली आणि कंट्रोल सी ने प्रोग्राम धडकन का मेला. दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, टर्मिनल म्हणजे काय ह्याबद्दल युनिक्स आणि विंडोज यांची समजूत मुळापासून वेगळी आहे, आणि मधे दुभाष्या म्हणून जो थर बसतो, सिगविन किंवा त्याच्यापासून निघालेलं एमसिस२, त्याला ही दोन्ही घरं एकाच वेळी सांभाळायला लागतात.

आधी युनिक्सचं बघू. तिथे टर्मिनलला टीटीवाय म्हणतात, हा शब्द टेलिटाइपवरून आला. टेलिटाइप मॉडेल ३३ नावाचं यंत्र १९६३ साली आलं, टाइपरायटरसारखं, सेकंदाला १० अक्षरं कागदावर उमटवायचं. १९६९ मधे बेल लॅब्जमधे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं तेव्हा कॉम्प्युटरशी बोलायचं मुख्य साधन म्हणजे हेच. तुम्ही बटण दाबलं की अक्षर तारेवरून कॉम्प्युटरकडे, कॉम्प्युटरने पाठवलेलं अक्षर कागदावर. आता विचार करा, टाइप करताना चूक झाली तर ती कोण दुरुस्त करणार? प्रत्येक प्रोग्रामने स्वतः करायची म्हटली तर प्रत्येकात तोच कोड. म्हणून युनिक्सने हे काम कर्नलमधे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, ठेवलं. तार आणि प्रोग्राम यांच्या मधे एक कारकून बसवला म्हणा, त्याला लाइन डिसिप्लिन म्हणतात. तुम्ही टाइप करता ते तो स्वतःजवळ साठवतो, बॅकस्पेस आलं की शेवटचं अक्षर खोडतो, एंटर आलं की मग पूर्ण ओळ प्रोग्रामच्या हातात देतो. कंट्रोल सी आलं तर ते अक्षर प्रोग्रामला देतच नाही, त्या टर्मिनलवर पुढे चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, गटाला सिगइंट नावाचा सिग्नल पाठवतो. म्हणजे कंट्रोल सी दाबल्यावर जे घडतं ते कीबोर्ड करत नाही आणि प्रोग्रामही करत नाही, हा कारकून करतो.

त्याचं अजून एक काम मला फार आवडतं म्हणून सांगतो. टेलिटाइपला नवीन ओळीसाठी दोन गोष्टी करायला लागायच्या, कागद एक ओळ वर सरकवायचा आणि छपाईचं डोकं परत डाव्या कडेला आणायचं. युनिक्स फाइलमधे फक्त पहिल्याचीच खूण ठेवतं, दुसरी हा कारकून बाहेर पाठवताना घालतो. कधी एखादा एडिटर मधेच मेला आणि टर्मिनल कच्च्या मोडमधे राहिलं की बघा काय होतं, प्रत्येक ओळ आधीची ओळ जिथे संपली तिथून खाली सुरू होते, आमच्याकडच्या जांभ्याच्या पाखाडीसारखी सगळी अक्षरं पायऱ्या पायऱ्यांनी उजवीकडे उतरत जातात. ते दिसलं की समजायचं, कारकुनाला सुट्टी दिली होती ती रद्द करायला कोणी उरलं नाही. 'एसटीटीवाय सेन' ही कमांड त्याला परत कामावर बसवते, टाइप करताना अक्षरं दिसली नाहीत तरी आंधळेपणाने टाइप करून एंटर मारायचं.

टेलिटाइप गेले, काचेचे टर्मिनल आले, मग खिडक्या आल्या. खिडकी म्हणजे तार नाही, मग कारकून कुणाला जोडायचा? त्यासाठी सुडोटर्मिनल, म्हणजे पीटीवाय. नळीची दोन टोकं समजा, एक टोक टर्मिनलच्या खिडकीकडे, दुसरं शेलकडे, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, मधे तोच कारकून. शेलला वाटतं की आपण खऱ्या टेलिटाइपला जोडलेलो आहोत, आणि त्याला तसं वाटावं हाच तर उद्देश.

प्रोग्रामला मात्र हे सगळं दिसतं ते तीन नंबरांच्या रूपात. ०, १ आणि २. शून्यातून वाचायचं, एकवर लिहायचं, दोनवर चुका लिहायच्या. पलीकडे टर्मिनल आहे, फाइल आहे का दुसरा प्रोग्राम आहे, वाचणं लिहिणं सारखंच. पण एक प्रश्न प्रोग्राम विचारू शकतो, आणि हाच प्रश्न आमच्या शेडमधल्या गोंधळाचं मूळ आहे: ह्या नंबराच्या पलीकडे टर्मिनल आहे का? फंक्शनचं नाव इजएटीटीवाय. उत्तर हो आलं तर प्रोग्राम समजतो की समोर माणूस बसलाय, मग ओळ झाली की लगेच दाखवतो, रंग दाखवतो, प्रॉम्प्ट देतो. नाही आलं तर समजतो की समोर फाइल किंवा पाइप, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणारी नळी, आहे, मग ओळीओळीला धावाधाव कशाला, पोतं भरलं की एकदम टाकू.

आमच्या पायथनचं ते पोतं साधारण ८ केबीचं, ८१९२ बाइट. 'बॉक्स १ डन' ही ओळ बारा ते चौदा बाइटची. म्हणजे पोतं भरायला सहाशेच्या आसपास पेट्या लागतात, आणि आमच्या त्या दिवशी सगळ्या मिळून दोनशे. प्रोग्राम पूर्ण संपेपर्यंत एकही ओळ दिसणं शक्यच नव्हतं.

पण समोर तर माणूस बसला होता, खिडकी उघडी होती, मग पायथनला 'टर्मिनल नाही' असं उत्तर का मिळालं? इथे विंडोजची बाजू समजून घ्यायला लागते.

विंडोजमधे कन्सोल, म्हणजे तिथली कमांडची खिडकी, ही फाइलसारखी गोष्ट नव्हतीच. ती एक वेगळी सेवा. जुन्या विंडोजमधे सीएसआरएसएस नावाची सिस्टीम प्रोसेस कन्सोल सांभाळायची, विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, प्रत्येक कन्सोलसाठी कॉनहोस्ट नावाची वेगळी प्रोसेस आली. प्रोग्राम कर्सर हलवायला, रंग बदलायला, स्क्रीनवरचं अक्षर परत वाचायला सुद्धा त्या सेवेला थेट विनंती करायचा, युनिक्ससारखे अक्षरांच्या प्रवाहात कोड घुसवायचा नाही. आणि एक प्रोसेस एका वेळी एकाच कन्सोलला जोडलेली असू शकते, दुसऱ्याला जोडायचं तर आधीचा सोडायला लागतो.

विंडोजमधे नंबराच्या जागी हँडल. हँडल म्हणजे देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तसला बिल्ला, बिल्ल्यावरच्या आकड्याला त्याच स्टँडवर अर्थ, दुसऱ्या गावच्या देवळात तोच आकडा दाखवून उपयोग नाही. तसं एका प्रोसेसमधल्या हँडलचा आकडा दुसऱ्या प्रोसेसमधे निरर्थक. कर्नलचे खरे हँडल चारच्या पटीत असतात. कन्सोलचे मात्र विंडोज ७ पर्यंत ३, ७, ११ असे यायचे, चारच्या पटीत न बसणारे, आणि ते मुद्दाम, कारण ते खरे हँडल नव्हतेच. सिस्टीमची लायब्ररी आकडा बघून ओळखायची की हा कन्सोलचा आहे, कर्नलकडे न जाता कन्सोलच्या सेवेकडे जा. त्यामुळे असं हँडल दुसऱ्या प्रोसेसला कॉपी करून द्यायची सोयच नव्हती. २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हा कन्सोलसाठी कर्नलमधे ड्रायव्हर आला आणि हे हँडल खरे झाले.

आता दुभाष्याची अवस्था बघा. सिगविनचं काम १९९५ मधे सिग्नस सोल्यूशन्समधे सुरू झालं, आणि त्याचा जीव म्हणजे एक डीएलएल, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात ती कोडची लायब्ररी. युनिक्ससाठी लिहिलेला प्रोग्राम ह्या डीएलएलला म्हणतो, नंबर १ वर लिही, आणि डीएलएल स्वतःकडच्या वहीत बघतं की नंबर १ म्हणजे काय. वहीत प्रत्येक नंबरासमोर लिहिलेलं असतं की ही फाइल आहे, पाइप आहे, कन्सोल आहे का पीटीवाय आहे, आणि त्यामागे विंडोजचे कुठले हँडल आहेत. हँडल एकच असेल असंही नाही, कन्सोलला वाचायचं वेगळं आणि लिहायचं वेगळं, पीटीवायला तर त्याहून जास्त. युनिक्सवर कर्नल जे करतो तो कारकूनही इथे ह्या डीएलएलच्याच आत बसतो. विंडोजच्या साध्या कमांड खिडकीत बसून 'टीटीवाय' कमांड दिली तर कॉन्स आणि पुढे आकडा असं नाव येतं, आणि सिगविनच्या मिनटीटीवाय ह्या खिडकीत दिली तर पीटीवाय आणि आकडा. मला विचाराल तर काहीही विचित्र वागायला लागलं की सगळ्यात आधी हीच कमांड द्यावी, अर्धं निदान तिथेच होतं.

मिनटीटीवाय ही सिगविनची नेहमीची खिडकी. ती विंडोजचा कन्सोल वापरतच नाही, तिच्यामागे सिगविनचं पीटीवाय असतं, आणि ते पीटीवाय बनवलंय विंडोजच्या नेम्ड पाइपमधून. सिगविनचा प्रोग्राम त्या पाइपकडे डीएलएलच्या चष्म्यातून बघतो, वही उघडतो, म्हणतो हां, हे तर टर्मिनल. पण आमच्या लॅपटॉपवरचं पायथन होतं विंडोजसाठी बनवलेलं. त्याच्याकडे ना तो चष्मा ना ती वही. त्याने विंडोजला विचारलं, हे हँडल कसलं? विंडोजने खरं ते सांगितलं, पाइप आहे. झालं. पायथनने पोतं भरायला घेतलं. नुसतं पायथन टाइप करून बसलात तर जुन्या सेटअपवर प्रॉम्प्टही येत नाही, तेही ह्याच कारणाने, त्याला वाटतं पाइपमधून फाइल येतेय, संपेपर्यंत वाट बघू.

कंट्रोल सी चं तेच. ते डीएलएलमधल्या कारकुनाने पकडलं, सिगइंट काढला, पण विंडोजच्या प्रोग्रामला सिगइंट हे पत्र वाचताच येत नाही. त्याला कन्सोलकडून कंट्रोल सी ची खबर यायला हवी, ती मिळाली असती तर पायथनने हातातलं काम आवरलं असतं, फाइल लिहिली असती. ते जमत नसल्यामुळे पूर्वीची पद्धत अशी की विंडोजची प्रोसेस सरळ संपवून टाकायची. आवरायला एक क्षण नाही. म्हणून नोंदीची फाइल रिकामी.

ह्यावर लोकांनी खूप मेहनतीने मार्ग काढले. विनपीटीवाय नावाचा छोटा प्रोग्राम आला, तो एक खराखुरा कन्सोल लपवून उघडतो, तुमचा विंडोज प्रोग्राम त्यात चालवतो आणि त्या लपवलेल्या स्क्रीनवर काय उमटतंय ते सारखं वाचून मिनटीटीवायकडे पाठवतो. मग २०१८ च्या ऑक्टोबरमधे विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने स्वतःच सुडोकन्सोल दिला, ज्याला कॉनपीटीवाय म्हणतात. एका बाजूला विंडोज प्रोग्रामला खरा कन्सोल मिळतो, दुसऱ्या बाजूने दोन पाइप निघतात ज्यातून युनिक्सला कळणारे कोड वाहतात. सिगविनने ३.१ मधे, २०१९ च्या डिसेंबरात, हे आपल्या पीटीवायमधे बसवलं.

आणि इथून हँडल सांभाळण्याचं खरं अवघड काम सुरू होतं. एकाच खिडकीत तुम्ही आळीपाळीने सिगविनचा प्रोग्राम चालवता आणि विंडोजचा चालवता. कीबोर्डवरून येणारी अक्षरं पहिल्यासाठी एका पाइपमधे जायला हवीत, दुसऱ्यासाठी सुडोकन्सोलमधे. कोण पुढे आहे ते बघून पाइप बदलायचा, अगदी शेतातल्या पाटाला बारं देतात तसं, ह्या वाफ्याचं पाणी तोडून त्या वाफ्याला. पण पाट बदलताना आधीच्या सारणीत जे पाणी शिल्लक असतं त्याचं काय? एक प्रोग्राम चालू असतानाच तुम्ही पुढची कमांड टाइप करून ठेवली असेल तर ती अक्षरं जुन्या पाइपमधे अडकलेली असतात, ती काढून नव्यात ओतायला लागतात, क्रम न बिघडवता. त्यात एक प्रोसेस एकाच कन्सोलला जोडलेली असू शकते हा नियम आहेच, म्हणून डीएलएलला काही वेळा स्वतःचा कन्सोल सोडून दुसऱ्या प्रोसेसच्या कन्सोलला जोडून काम करून परत यायला लागतं, आणि त्या मधल्या क्षणात कुणी तिसऱ्याने लिहायला घेतलं तर घोळ, म्हणून कुलपं लावून ठेवायची. वापरणाऱ्याला ह्यातलं काही दिसत नाही, आणि ते दिसत नाही ह्यासाठी कुणीतरी रात्री घालवल्यात ह्याची मला मनापासून कदर वाटते.

आता हँडल परत न करण्याबद्दल, कारण अडकण्याचा दुसरा मोठा प्रकार तिथूनच येतो. आमच्या वाडीत एक सामाईक घर आहे, गणपतीत सगळे चाकरमानी येतात, प्रत्येक कुटुंबाला एक चावी. ठरलेलं असं की सगळ्या चाव्या काकांकडे परत आल्या की काका मेन स्विच पाडतात, पाण्याची टाकी रिकामी करतात, घर बंद. एका वर्षी एक चावी भाच्याच्या दप्तरातून डोंबिवलीला गेली. त्याला माहीतच नव्हतं की ती आपल्याकडे आहे. काका आपले वाट बघतायत, कोणीतरी अजून आत असेल म्हणून दिवे चालू.

पाइपचं हेच असतं. वाचणाऱ्याला 'संपलं' ही खूण तेव्हाच मिळते जेव्हा लिहिण्याच्या बाजूची सगळीच्या सगळी हँडल बंद होतात. एक जरी कुठे उघडं राहिलं तरी वाचणारा बसून राहणार, बरोबरच आहे त्याचं, अजून कुणी लिहू शकतो. आणि हँडल दप्तरात जातं ते वारशाने. विंडोजमधे नवीन प्रोसेस सुरू करताना 'वारसा द्या' म्हटलं की आईकडची जी जी हँडल वारसायोग्य म्हणून खूण केलेली असतील ती सगळी पोराकडे जातात, त्याला हवीत का नकोत कोणी विचारत नाही. व्हिस्टापासून नेमकी कुठली द्यायची त्याची यादी देता येते, पण ती द्यायला लक्षात राहिलं पाहिजे. सिगविनला तर फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढणं, सुद्धा नकली करायला लागतो, विंडोजमधे फोर्क नाहीच, म्हणून नवीन प्रोसेस थांबलेल्या अवस्थेत उभी करून तिच्यात आईची मेमरी कॉपी करायची, आणि आईच्या वहीतला प्रत्येक नंबर पोराकडेही चालायला हवा म्हणून हँडल वारसायोग्य ठेवायला लागतात. मग एखादा साधा मागे चालणारा प्रोग्राम, ज्याचा त्या पाइपशी काडीचा संबंध नाही, तो चावी घेऊन बसतो, आणि तुमचा बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवायचं काम, संपूनही खिडकी सोडत नाही. अशा वेळी मुख्य प्रोग्राममधे चूक शोधत बसू नका, मागे कोण जिवंत राहिलंय ते आधी बघा. त्याला बंद केलं की खिडकी लगेच सुटते.

खिडकीच बंद केली तर? युनिक्समधे टर्मिनल गेलं की सिगहप सिग्नल येतो. विंडोज कन्सोलकडून बंद होत असल्याची खबर येते आणि नेहमीच्या सेटिंगमधे साधारण ५ सेकंद मिळतात, मग प्रोसेस संपवली जाते. डीएलएल त्या खबरेचं सिगहप करून देतं, त्यामुळे युनिक्सचा प्रोग्राम आपल्या सवयीप्रमाणे आवरतो, फक्त वेगाने आवरायला लागतं.

त्या दुपारी मी काय केलं ते सांगतो. इन्स्टॉलेशन अपडेट करायला नेट नव्हतं, शेडमधे मोबाइलची रेंज एका खांबाजवळच येते. पायथनच्या पुढे डॅश यू लावलं, त्याने पोतं भरणं बंद होतं, आलेली ओळ लगेच बाहेर. नोंदीची फाइल शेवटी लिहायच्याऐवजी प्रत्येक लेबलानंतर एक ओळ लिहून लगेच डिस्कवर ढकलायची केली, आणि सुरुवातीला ती फाइल वाचून जिथे थांबलो तिथून पुढे. तुमच्याकडे नवीन सिगविन असेल तर बहुतेक हे काहीच करायला लागणार नाही. उलट एखादा जुना विंडोज प्रोग्राम सुडोकन्सोलमधे स्क्रीन विस्कटत असेल तर सिगविन नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधे डिसेबल पीकॉन हा पर्याय आहे, दोन शब्दांमधे अंडरस्कोर टाकून लिहायचा, त्याने जुनी पद्धत परत येते.

चार वाजून दहा मिनिटांनी परत चालवलं. बॉक्स १ डन. बॉक्स २ डन. भाऊ खुर्ची ओढून बाजूला बसला आणि एकेक ओळ वर सरकताना बघत राहिला, मधेच ८३ ला प्रिंटरचा कागद संपला तेव्हा त्यानेच कंट्रोल सी दाबलं, नवीन रोल लावला, परत चालवलं, आणि पहिली ओळ आली बॉक्स ८४ डन.